अंदाजपत्रकातली 'ठोक' ओळ

जुन्या घराची मलवाहिनी बदलायची ठरली की कंत्राटदाराकडून पहिली वस्तू येते ती अंदाजपत्रक. एक-दोन पानांचा हा कागद कोणी नीट वाचत नाही. शेवटची बेरीज पाहिली जाते आणि घासाघीस सुरू होते. वास्तविक तो कागद वाचण्यासारखा असतो. खोदाई घनमीटरमध्ये मोजलेली असते, पाइप मीटरमध्ये, चेंबर नगावर, फरशी उखडून पुन्हा बसवणे चौरस मीटरवर. प्रत्येक ओळीला परिमाण आहे, दर आहे, गुणाकार आहे. मध्येच कोठे तरी एक ओळ अशी सापडते : 'जुनी लाइन व चेंबर साफ करून घेणे – ठोक.' तिला ना लांबी, ना खोली, ना तास. समोर एक रक्कम लिहिलेली असते, बहुधा सगळ्या कागदातली सर्वांत लहान. जे मोजता येत नाही ते ठोक लिहावे, असा हिशेबाचा संकेत आहे. पण चेंबर किती फूट खोल आहे, त्यात किती मैला साचला आहे, तो काढायला किती वेळ लागेल, हे सारे मोजता येण्यासारखे आहे. ते मोजले जात नाही, कारण त्या ओळीत काम करणारा माणूस या समाजाने कधी मोजलेला नाही.

हा लेख त्या ओळीविषयी आहे. परंतु ती समजायची तर सबंध अंदाजपत्रक समजले पाहिजे, आणि त्यासाठी पाइप, उतार, सांधे, परवाने अशा रूक्ष गोष्टींत शिरावे लागेल. आपल्या चळवळीने मैला वाहणाऱ्या माणसाबद्दल पुष्कळ लिहिले, बोलले. तो ज्या भोकात उतरतो त्याची बांधणी कशी असते, ती तशी का असते, आणि कोणी कोणता खर्च टाळला म्हणून त्याला उतरावे लागते, हा भाग मात्र आपण इंजिनियरांवर सोडून दिला. आता तर आपल्यातले अनेक शिक्षक, प्राध्यापक, कारकून स्वतःच्या मालकीच्या घरांत राहतात, सोसायटीचे सभासद असतात, काही जण चिटणीसही असतात. ते अंदाजपत्रक उद्या आपल्याच सहीसाठी येणार आहे.

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे, दोन भिंतींच्या मध्ये एक अरुंद बोळ असतो. त्याला हाउस गल्ली म्हणतात. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमात तिची व्याख्याच दिलेली आहे. सांडपाणी वाहून नेण्यासाठी, किंवा संडास साफ करणाऱ्यांना तेथपर्यंत पोहोचता यावे म्हणून राखून ठेवलेली जागा, असा तिचा आशय. म्हणजे एका कामासाठी, आणि त्या कामाला बांधलेल्या जातींसाठी, शहराच्या नकाशात वेगळी वाट कायद्यानेच मान्य केली. पुढच्या दाराने पोस्टमन, दूधवाला. मागच्या बोळाने टोपलीवाला. पुढे टोपलीचे संडास गेले, पाण्याचे आले, आणि नळ घालायला हीच वाट सोयीची ठरली. म्हणून आजही जुन्या इमारतीची मलवाहिनी त्याच गल्लीतून जाते, आणि ती तुंबली म्हणजे माणूसही त्याच गल्लीतून आत घेतला जातो.

उदाहरणासाठी पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेली एक दुमजली इमारत घेऊ. आठ बिऱ्हाडे, मागे साठ फूट लांबीची वाहिनी, वाटेत चार चेंबर, शेवटी रस्त्याखालच्या नगरपालिकेच्या गटाराला जोड. त्या काळी जमिनीखाली घालायचा पाइप म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीचा, आतून-बाहेरून काचेसारखा लेप दिलेला. हा पाइप वाईट नव्हे. मैल्यातल्या आम्लाने तो झिजत नाही, आणि जमीन हलली नाही तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्याची दुबळी जागा म्हणजे सांधा. एकेक तुकडा दोन फुटांचा, म्हणजे साठ फुटांत जवळजवळ तीस सांधे. आणि प्रत्येक सांधा सुतळी व सिमेंटने भरलेला. जमीन थोडी खचली, वरून जड वाहन गेले की सांध्याला चीर पडते. चिरेतून पाणी बाहेर झिरपते. त्या ओलाव्याच्या शोधात पिंपळाचे मूळ केसासारखे बारीक होऊन आत शिरते आणि आत गेल्यावर त्याची शेंडी होते. शेंडीत कापड, केस, तेलाचा थर अडकत जातो. तळमजल्याच्या संडासात पाणी वर येऊ लागते, कारण तोच सर्वांत खाली असतो. तळमजल्यावर सहसा कोण राहतो, हे मुंबईच्या वाचकाला सांगायला नको.

आता मालकासमोर दोन रस्ते असतात. एक, खोदून लाइन बदलणे. दुसरा, माणूस बोलावून चोकअप काढून घेणे. दुसऱ्याला काही शे, फार तर काही हजार रुपये पडतात. पहिला लाखाच्या घरात जातो. चार महिन्यांनी पुन्हा तुंबणार हे ठाऊक असूनही मालक दुसरा रस्ता धरतो, आणि त्याच्या वहीच्या हिशेबाने तो चुकतही नाही. माणूस स्वस्त आहे म्हणून पाइप जुना राहतो. जिवाची किंमत त्या वहीत धरली असती तर हीच लाइन वीस वर्षांपूर्वी बदलली गेली असती. पागडीच्या चाळीत तर घरमालक हातच झटकतो. भाडे नियंत्रण कायदा दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतो, आणि मालकाने टाळाटाळ केल्यास नोटीस देऊन भाडेकरूंनी काम करून घ्यावे व खर्च मर्यादेत भाड्यातून वळता करावा, अशी सोयही त्यात आहे. पण जेथे महिन्याचे भाडे शंभर रुपयांच्या आत आहे तेथे वळते काय करणार?

जो माणूस बोलावला जातो तो बहुधा पालिकेचा कायम कामगार नसतो. कायम कामगाराला निदान पगार आहे, लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी आहे (त्या वारसाहक्काने बापाचा झाडू मुलाच्या हाती जातो, तो वेगळ्या लेखाचा विषय). घरी येणारा माणूस नाक्यावरून, ओळखीतून, कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडून आलेला असतो. त्याचे नाव कोणत्याही कागदावर नसते. कागदावर 'ठोक' असते.

कायद्याविषयी मालकवर्गाची एक सोयीची समजूत आहे की तो नगरपालिकेला लागू आहे, आपल्या घराला नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी, कोणालाही गटाराच्या अथवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामाला लावू शकत नाही. यातले 'व्यक्ती' आणि 'अप्रत्यक्षपणे' हे दोन शब्द अधोरेखित करून सोसायटीच्या फलकावर लावावेत असे आहेत. कंत्राटदाराने माणूस आणला, आम्ही नाही, हा बचाव त्या दुसऱ्या शब्दाने संपतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे व पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. अर्थात कायद्यात फट ठेवलेली आहेच. संरक्षक साधने व खबरदारी न पुरवता केलेली सफाई ती 'धोकादायक', अशी व्याख्या असल्यामुळे हातात एक मास्क दिला की सफाई बिनधोक झाली, असे म्हणणारे निघतात.

मास्कची गोष्ट निघाली म्हणून वायूचे सांगतो. बंद चेंबरात मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास सगळ्यांना परिचित आहे, आणि फसवणूक तेथेच होते. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस पाय खाली टाकतो. प्रमाण हजाराच्या घरात असले तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क या वायूला अडवीत नाही. काडी पेटवून पाहण्याचा उपाय तर दुहेरी घातक. ज्योत या विषाबद्दल काही सांगत नाही, आणि खाली मिथेन असला तर भडका उडतो. पहिला माणूस निपचित पडला की त्याचा भाऊ किंवा सोबती त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. म्हणूनच या मृत्यूंच्या बातम्यांत आकडा पुष्कळदा दोन किंवा तीन असतो. २०१९ च्या डिसेंबरात गोवंडीतल्या एका खाजगी गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार असेच मेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. हा दहा लाखांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१४ च्या निकालातला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तो तीस लाख केला. भरपाई वाढली हे योग्यच झाले. परंतु ती सरकारी तिजोरीतून जाते, मालकाच्या अंदाजपत्रकात तिचा शिरकाव होत नाही.

तेव्हा लाइन बदलणे हाच खरा उपाय, आणि तीही अशी बदलणे की पुन्हा कोणाला उतरावे लागू नये.

सुरुवात बिघाड शोधण्यापासून. त्यासाठी कोणी आत जाण्याची गरज नसते. चारही चेंबरांची झाकणे उघडावीत आणि मोकळी हवा लागू द्यावी. दुसरे चेंबर काठोकाठ भरलेले आणि तिसरे कोरडे असेल तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे. एवढे तर शाळकरी मुलालाही कळावे. मग सक्शन आणि जेटिंगच्या गाडीने मैला ओढून, पाण्याच्या दाबाने वाहिनी धुऊन घ्यायची, आणि मोठ्या शहरांत आता मिळणारा केबलवरचा कॅमेरा आत सोडायचा. किती सांधे फुटले आहेत, कोठे पाइप बसला आहे, हे पडद्यावर दिसते. एखाद-दुसरा सांधा गेला असेल तर तेवढाच भाग बदलून भागते. लाइन जागोजाग गेली असेल तर तुकडे लावण्यात अर्थ नाही.

नंतर परवानगी. नगरपालिकेचा परवाना असलेल्या प्लंबरकडून नकाशा, अर्ज, आणि रस्ता खोदावा लागणार असेल तर त्याचे वेगळे शुल्क. पावसाळ्यात रस्ता खोदण्यास सहसा मनाई असते, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा. एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांचे काम पुढच्या वर्षावर जाते.

खोदाई कोठे करायची, या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. कंत्राटदाराची सवय अशी की जुना पाइप उखडायचा आणि त्याच चरात नवा घालायचा. यात चर अरुंद पुरतो, पैसे थोडे वाचतात. पण फुटलेल्या लाइनीखालची माती वर्षानुवर्षे मैल्याने मुरलेली असते, आणि वरच्या आठ बिऱ्हाडांचा वापर पूर्ण बंद होत नाही. खोदणारा मजूर, बहुधा मराठवाड्यातून किंवा विदर्भातून नाक्यावर आलेला भूमिहीन, गुडघाभर घाणीत उभा राहतो. त्याऐवजी जागा असेल तेथे जुन्या लाइनीला समांतर, तीन-चार फूट सोडून नवा चर घ्यावा. नवी लाइन कोरड्या मातीत पूर्ण घालावी, तपासावी, आणि शेवटच्या दिवशी एकेक जोड वळवावा. खोदाईचा आणि फरशीचा खर्च थोडा वाढतो. बाया-मुलांना चार दिवस सार्वजनिक संडासात रांग लावावी लागत नाही, आणि मजुराचा हात मैल्यात जात नाही. हाउस गल्ली फार अरुंद असली तर हे जमत नाही, तेव्हा निदान काम सुरू होण्यापूर्वी जुनी लाइन यंत्राने उपसून, धुऊन घेण्याची अट घालावी. चर छातीइतका खोल जात असेल तर दोन्ही बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू लावलेच पाहिजेत; कडा ढासळून मेलेल्यांची नोंद कोणी वेगळी ठेवीत नाही.

उताराचे गणित सोपे आहे. चार इंची पाइपाला चाळिसास एक, सहा इंची पाइपाला साठास एक. आपल्या साठ फुटी लाइनीत सहा इंची पाइप असेल तर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बरोबर एक फूट उतार हवा. उतार कमी पडला तर पाणी निघून जाते आणि घट्ट भाग मागे बसतो. त्या मागे बसलेल्या भागासाठीच नंतर माणूस लागतो. गणिताच्या पुस्तकात दोन नळांनी हौद किती वेळात भरेल हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना विचारीत आलो. तो हौद रिकामा होताना घाण कोठे आणि कोणत्या उताराने जाते, हे एकाही पुस्तकाने विचारले नाही. शिक्षकांनी सातवी-आठवीच्या वर्गात हे गुणोत्तर फळ्यावर जरूर मांडून पाहावे.

पाइप आता पीव्हीसीचा घालतात. जमिनीखालच्या मलवाहिनीसाठी वेगळे भारतीय मानक आहे, आयएस १५३२८. भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपाचे मानक आयएस १३५९२. त्यात 'ए' प्रकार पावसाच्या पाण्यासाठी व हवेच्या नळासाठी, आणि 'बी' मैल्यासाठी. पातळ 'ए' जमिनीत पुरून जाड्याचे पैसे लावणे ही बाजारातली नेहमीची चलाखी. पाइपावर छापलेले वाचावे. तळाशी दगड-विटांचे तुकडे नकोत, वाळूचा थर हवा. काम खालच्या टोकाकडून वर करीत यायचे, आणि पाइपाचे रुंद तोंड नेहमी वरच्या, म्हणजे पाणी येण्याच्या दिशेला ठेवायचे.

चेंबर जेथे वळण आहे, जेथे दुसरी लाइन मिळते, जेथे उतार बदलतो, अशा प्रत्येक ठिकाणी हवे. पैसे वाचवायला चेंबर गाळतात किंवा कोपरात अरुंद बांधतात. तेथे अडथळा आला की वरून कामटी किंवा जेटिंगची नळी पोहोचत नाही, आणि मग पोरसवदा, अंगाने बारीक अशा कोणाला तरी पायांना धरून खाली सोडले जाते. प्रशस्त, उथळ, तळाशी अर्धगोल नाली आणि दोन्ही बाजूंना तिच्याकडे उतरते कठडे असलेले चेंबर वरूनच साफ होते. माणूस न उतरता काम व्हावे यासाठीच तर चेंबर असते. शिवाय वरच्या टोकाला गच्चीपर्यंत गेलेला हवेचा नळ पाहिजे. तो मोडला तर 'वास येतो' म्हणून कोणी बुजवू नये.

माती ढकलण्यापूर्वी तपासणी. खालचे तोंड बंद करून लाइन पाण्याने भरायची आणि पातळी उतरते का पाहायचे. पाइपाच्या पोकळीपेक्षा सुमारे अर्धा इंच लहान असा गुळगुळीत चेंडू वरून सोडायचा. तो न अडखळता खाली आला पाहिजे. एका चेंबरात दिवा आणि दुसऱ्यात आरसा धरला की लाइन सरळ असल्यास आरशात पूर्ण वर्तुळ दिसते, वाकडी असल्यास चंद्रकोर. या कसोट्यांना पैसे पडत नाहीत. सभासदांनी त्या वेळी हजर मात्र राहिले पाहिजे.

खर्चाचे दर शहरागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून प्रमाण लक्षात ठेवावे. सहा इंची चांगला पाइप मीटरमागे पाचशे-सहाशे रुपयांच्या आसपास धरला तर आपल्या अठरा मीटरना नऊ ते अकरा हजार. सबंध काम लाख-दीड लाखावर गेले तर नवल नाही. म्हणजे पाइप हा सर्वांत किरकोळ भाग. पैसा जातो खोदाई, चेंबर, फरशी, राडारोडा उचलणे आणि पालिकेचे रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क यांत. आठ बिऱ्हाडांत वाटले तर प्रत्येकी पंधरा-वीस हजार. घासाघीस करताना मात्र सभासद तुटून पडतात ते यंत्राच्या भाड्यावर. 'गाडी कशाला, दोन माणसे आणा' हे वाक्य ज्या सभेत निघते तिच्यात आपलाही माणूस बसलेला असतो, आणि तो गप्प राहतो. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते की जातिव्यवस्थेत कामाबरोबर काम करणारी माणसेही वाटली जातात. पाइप जोडणारा वेगळा, खोदणारा वेगळा, उतरणारा वेगळा, आणि सभेत बसणारा वेगळा. या चार पायऱ्यांपैकी आपण कोठे बसलो आहोत, हे त्या सभेत कळते.

ती ठोक ओळ खोडून अशी लिहून घ्यावी : 'जुनी लाइन व चेंबर सक्शन-जेटिंग यंत्राने, कोणीही आत न उतरता, साफ करणे – तास इतके, दर इतका. कोणी उतरल्याचे आढळल्यास कंत्राट रद्द.' रक्कम वाढेल. वाढू द्यावी.

शेवटचे अवघड काम म्हणजे रस्त्याखालच्या पालिकेच्या गटाराला जोड देणे. याच वेळी कंत्राटदार 'फक्त पाच मिनिटे' म्हणून कोणाला तरी मॅनहोलमध्ये उतरवतो. कायद्याखालच्या २०१३ च्या नियमांनी संरक्षक साधनांसहसुद्धा आत उतरण्यास मोजक्याच अपवादांपुरती मुभा ठेवली आहे. नव्या वाहिनीची जोडणी हा त्यातला एक अपवाद आहे, पण गटार ३०० मिलिमीटरपेक्षा मोठे असेल तरच. एरवी अगदी अपरिहार्य म्हणून उतरवायचे तर पालिकेच्या मुख्य अधिकाऱ्याची कारणांसह लेखी परवानगी हवी. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत माणसाकरवी गटारसफाई थांबवण्याचा आदेश दिला आहे. तेव्हा जोड पालिकेच्या अधिकाऱ्यासमक्षच करून घ्यावा, आणि 'परवानगीचा कागद दाखवा' एवढे म्हणायला एक माणूस दिवसभर तेथे उभा करावा. विद्यार्थी कार्यकर्त्यांना हे काम करता येईल.

काम संपल्यावर जुन्या लाइनीची दोन्ही तोंडे काँक्रीटने बंद करायची. नाही तर तिच्यात घुशी राहतात आणि वरची जमीन खचते. नव्या लाइनीचा नकाशा, चेंबरांची अंतरे, प्रत्येकाची खोली, पाइपाचा प्रकार, वर्ष, हे सर्व एका कागदावर काढून सोसायटीच्या कचेरीत भिंतीवर लावावे. चाळीस वर्षांनी जो कोणी चिटणीस असेल त्याला चेंबर कोठे आहे हे शोधायला कोणाला खाली सोडावे लागणार नाही.